गोपाळकाकांचं गाऱ्हाणं

“काका, वास्कोक जावचा तुमका?”

“व्हय,” गोपाळकाका म्हणाले.

“की हयच रवाचा?”

“व्हय.”

“आणि मी येडी?” सुमंगला वैतागून म्हणाली.

“व्हय.”

दारात उभ्या काकांच्या पत्नी लक्ष्मीकाकी फिसकन हसल्या. सुमंगलालाही हसू आवरेना.

ती पेडण्याच्या एका संस्थेत समाजसेविका होती. इस्पितळातून घरी सोडलेल्या रुग्णांची नावं संस्थेकडे यायची आणि ती स्कूटर घेऊन गावोगाव फिरायची. व्यायाम करून घे, घरच्यांना समजाव, भांडणं सोडव, सगळं तिच्याच गळ्यात. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. नेमका तिच्याच वाट्याला हा रुग्ण आला. अर्धांगाच्या झटक्यानंतर गोपाळकाकांकडे एकच शब्द उरला होता.

आणि हा माणूस जन्मभर गावाचं गाऱ्हाणं घालत आलेला. देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पेरणी असो, जत्रा असो, कोणी नवी गाडी घेवो, गोपाळकाकांशिवाय गावाचं पान हलत नसे.

आज त्यांचा मुलगा गुरुदास वास्कोहून टेम्पो घेऊन आला होता. तो बंदरात नोकरीला होता. घराला कुलूप लावून आईबाबांना कायमचं आपल्याकडे न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. गादी आणि भांडी टेम्पोत चढलीसुद्धा होती.

“मॅडम, बाबांका विचारलंय. व्हय म्हणाले,” तो म्हणाला.

“माका पण आत्ताच येडी म्हणाले. त्येंच्या मनात काय आसा ता कळूक नको?”

“आई एकटी त्येंका उचलता. तिची कंबर गेली. तिका काय झाला तर?”

तो खोटं बोलत नव्हता. पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. सुमंगलाचा आवाज खाली आला.

“काका रवतंय म्हणाले तर मदतीक माणूस मी बघून देतंय. माझा शब्द.”

“म्हणाले तर,” गुरुदास म्हणाला आणि कुलूप शोधायला वळला.

“गाऱ्हाणा घातल्याबगर कुलूप लागूचा नाय,” लक्ष्मीकाकींनी सांगून टाकलं.

आता घालणार कोण? गुरुदास कधी शिकला नव्हता. शेवटी सुमंगलाच पुढे झाली, तोंड तिला होतंच. काकांची खुर्ची तुळशीपाशी आणली, तिने नारळ ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“हे देवा, सदर कुटुंब आजपासून वास्को येथे राहण्यास जात आहे. तरी कृपया...”

‘सदर’ ऐकून काकांच्या कपाळाला आठी पडली. ‘तरी कृपया’ला त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला. आणि मग साऱ्या आवारात त्यांचा तो जुना आवाज घुमला.

“बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, म्हाराजा.”

लक्ष्मीकाकी दचकल्या, पण उत्तर चुकलं नाही. “व्हय म्हाराजा.”

“त्येंची काय चूक झाली आसात, ती पोटात घाल, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” आता गुरुदासचाही आवाज होता. लहानपणापासून कानात बसलेलं ते, जीभ कुणाची परवानगी घेते?

“ह्याच घरात, ह्याच दिव्याकडे त्येंका सुखान नांदव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गुरुदास मोठ्याने म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

निघणाऱ्यांचं गाऱ्हाणं वेगळं असतं. त्यात ‘जातत तशी सुखरूप परत हाड’, म्हणजे परत आण, असं मागतात. हे राहणाऱ्यांचं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो फरक कळतो. आणि देवापुढे दिलेला होकार मागे घेता येत नाही, हेही कळतं.

झटक्यात बोलणं गेलं तरी पाठांतरातलं कधी कधी शिल्लक राहतं, असं सुमंगलाने ऐकलं होतं. ऐकणं वेगळं. तिला इतका आनंद झाला की तिने काकींना मिठीच मारली.

“बघ गे बाय,” काकी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, “आमच्याकडे बोलूक वेळ नाय, देवाकडे कसे बोलतत.”

“बाबा, आणखी बोला मरे,” गुरुदास खुर्चीपुढे बसून म्हणाला.

काकांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही.

गुरुदासने नारळ उचलून बाबांच्या डाव्या हातात दिला, वरून आपला हात धरला आणि दोघांनी मिळून तो तुळशीच्या पायरीवर फोडला. पाणी दोघांच्याही पायांवर उडालं. मग तो टेम्पोकडे गेला आणि त्याने आधी बाबांची गादी उतरवली.