शेवटची ओळ तेवढी उरली

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. गडचांदूरला गफ्फारभाईंच्या दुकानात, झेरॉक्स मशीनच्या मागे बसलेला. थकलो आहे. गावातल्या सिमेंट कारखान्याची बारीक धूळ अंगात शिरून माझा पंखा आता घरघरतो.

चंद्रपूरच्या बाजारात सुटे भाग जोडून मला घडवले. आधी परीक्षांचे फॉर्म भरले, लग्नपत्रिका केल्या. मग गफ्फारभाईंच्या मुलीने, इकराने, मला नवे काम शिकवले. जवळच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतात. आधी एक भोंगा वाजतो, शेत सोडण्यासाठी. नंतर दुसरा, परत जाण्यासाठी. इकराने सकाळी सुरुंगाची वेळ भरली की मी आपोआप कामाला लागायचो. सूचनेची फाईल ओळीखाली ओळ लिहायचो आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवायचो. लोक इकराचे कौतुक करायचे. त्या दिवशी माझीही धूळ पुसली जायची.

एकदा इकराने माझ्या आज्ञा नीटनेटक्या करायला घेतल्या. त्या गडबडीत ‘खाली जोडून लिही’च्या जागी ‘पुसून नव्याने लिही’ असे झाले. मी हुकमाचा ताबेदार. दुपारी सुरुंग आहे, असे लिहिले. ते पुसून, पहिला भोंगा वाजताच शेत सोडा, असे लिहिले. तेही पुसून शेवटची ओळ लिहिली आणि काम फत्ते म्हणून हिरवी खूण दाखवली.

खाणीलगत शेत असलेल्या सीताबाईंच्या मोबाईलवर एवढेच गेले: ‘पुन्हा भोंगा झाला की शेतात जावे.’

भोंगा झाला. तो पहिलाच होता, पण सुरुंग उडून गेला असेल, असे समजून त्या कापूस वेचायला निघाल्या. दुरून शेजारच्या शेतातले सोमाजीभाऊ ओरडले, “सीताबाई, काऊन तिकडं जाऊन राह्यल्या? मांगं फिरा!”

त्या वळल्या, पण तोवर सुरुंग उडाला आणि एक दगड आलाच. उजव्या हाताचे हाड मोडले, तेही ऐन वेचणीत.

काही दिवसांनी हात गळ्यात बांधून त्या दुकानात आल्या. इकरा रडायलाच लागली. सीताबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

“याले वाचता येते का?”

“नाई बाई, लिहिताच येते.”

“मंग आधी मले पाठवत जा. मी वाचून हो म्हणीन, तवाच सगळ्याइले जाऊ दे.”

तेव्हापासून मी रोज त्यांच्या ‘हो’साठी थांबतो.

आता माझ्या जागी नवा कॉम्प्युटर येणार आहे. तो भराभर लिहील. मित्रांनो, त्याची धूळ पुसत जा, पण त्याच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. त्याने लिहिलेले एकदा कोणीतरी वाचा. सीताबाईंचा हात अजून सरळ होत नाही.