रिकामं वर्णन

तीन वाजून दहा मिनिटांनी देवपूरच्या आमच्या ऑफिसात फोन वाजला. भडगावहून प्रशील नावाचा उमेदवार बोलत होता. त्याला दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर फोन मोठ्याने वाचतो, तो ऐकून तो कामं करतो. जळगावच्या एका शिक्षणसंस्थेत लिपिकपदासाठी त्याने अर्ज केला होता. संस्थेची वेबसाइट आम्ही बनवलेली, म्हणून तळाशी आमचा नंबर. छाननी यादी कधी लागणार, एवढंच त्याला विचारायचं होतं.

यादी चार दिवसांपूर्वी लागली होती. हरकतींची मुदत आज पाचला संपत होती.

"पण ताई, मी रोज ऐकतो," तो म्हणाला. "यादीचं शीर्षक येतं आणि लगेच संस्थेचा पत्ता."

मी माझ्या फोनवर वाचनाची सोय चालू करून पान उघडलं. शीर्षक, मग पत्ता. मधली यादी त्या आवाजाच्या लेखी नव्हतीच.

कारण मला ठाऊक होतं. संस्थेचे भाईदास नाना जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर वेबसाइटवर घेतला की भलतीच चिन्हं उमटतात. म्हणून यादीचा फोटोच चढवला. फोटोला वर्णन नाही म्हणून तपासणीच्या प्रोग्रॅमने लाल खूण दाखवली, तेव्हा वर्णनाच्या जागी मी दोन रिकामी अवतरणचिन्हं टाकली. नियमानुसार त्याचा अर्थ, हे चित्र शोभेचं आहे, वाचू नका. खूण हिरवी झाली. दोनशे बारा नावं मी शोभेची ठरवली होती.

प्रशीलचं नाव एकशे सत्तेचाळिसावं. पुढे शेरा: दिव्यांग प्रमाणपत्र अस्पष्ट, पुन्हा जोडावे, अन्यथा अपात्र. मी वाचून दाखवला. तो म्हणाला, प्रमाणपत्र घरात आहे, पण फोटो नीट आला का ते सांगायला बहीण घरी नाही. मी फोटो माझ्याकडे पाठवायला सांगितले. पहिल्यात शिक्का अर्धा कापलेला, दुसरा हललेला. चौथा चांगला आला. तीन पन्नासला त्याची हरकत नोंदली गेली.

"माझ्यासारखे अजून असतील ना यादीत?" त्याने विचारलं.

दृष्टिबाधित अशी नोंद असलेले आणखी सहा होते. तिघांपुढे त्रुटीचा शेरा होता. फोन नंबर कुणाचाच नव्हता.

मी नानांकडून मूळ फाइल मागवली, वेबसाइटला कळणाऱ्या युनिकोड अक्षरांत बदलली आणि तिचा खरा तक्ता केला, प्रत्येक रकान्याला शीर्षक देऊन. अर्धा तास लागला. चार दिवसांपूर्वीही तेवढाच लागला असता.

आमचे मालक जितेंद्रभाऊ खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बठ्ठं हिरवं शे ना? सगळं हिरवं आहे, मग काय ढवळत बसलीस?"

मी सांगितलं. ते म्हणाले, तक्ता गुपचूप टाकून दे. मी म्हटलं, मुदत वाढवून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी कारण द्यावं लागेल. सर्व्हर बंद होता म्हणून सांग, असं त्यांनी सुचवलं.

"सर्व्हर चालू होता, भाऊ. वर्णन मी रिकामं ठेवलं."

"पुढच्या वर्षीचं काम जाईल, नूतन."

ते जाऊ शकत होतं. घड्याळात चार छत्तीस झाले होते. मी नानांना फोन लावला आणि घडलं तसं सांगितलं. त्यांनी सचिवांना विचारायला फोन बाजूला ठेवला. पलीकडे पंखा, खुर्ची सरकल्याचा आवाज. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले.

पाचला सात मिनिटं असताना नाना परत आले. दोन दिवस वाढवून मिळाले, पण कारण यादीच्या वर, ठळक अक्षरांत छापायचं. मी लिहिलं: ही यादी दृष्टिबाधित उमेदवारांना वाचता येत नव्हती. चूक वेबसाइट बनवणाऱ्यांची आहे. भाऊंनी वाचलं आणि ते केबिनमध्ये गेले.

नवा तक्ता चढवला आणि फोन कानाशी धरून मी ते पान शेवटच्या नावापर्यंत ऐकलं. मग पानाला भेट देणाऱ्यांचा आकडा उघडला. एकतीस. थोड्या वेळाने चौतीस. त्यांत त्रुटीचा शेरा असलेले ते तिघे आहेत का, हे आकड्यावरून कळत नाही. मी पान पुन्हा ताजं केलं.