अप्पा, गुरुवारपर्यंत थांबा

मृत्यू कुणासाठी थांबत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. तरी त्याने निदान गुरुवारपर्यंत थांबायला हरकत नाही, असं लातूरच्या शिवशंकर बिराजदारांच्या घरात सर्वानुमते ठरलं होतं. गुरुवारी मुंबईहून केनियाचं विमान होतं.

शिवशंकरराव कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मोकळा सिंह बघायचा, ही त्यांची आयुष्यातली एकच हौस, आणि ती लावली चुलत्यानं. वडील लवकर गेले, तेव्हा जळकोटच्या बसवंतअप्पांनी शिवशंकर आणि वैजनाथ या दोघा पुतण्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं. एकदा थोरल्याला खांद्यावर बसवून त्यांनी उदगीरला सर्कस दाखवली. पिंजऱ्यात सिंह झोपला होता. अप्पा म्हणाले, "ह्यो नोकरदार सिंह हाय. खरा आफ्रिकेत असतोय. मोठा झाला की जा, बघ, अन् मला येऊन सांग."

आता शिवा निघाला, आणि अप्पा नांदेडच्या दवाखान्यात नाकात नळी घालून पडले.

तयारी मात्र थांबली नव्हती. सफारीला मळकट रंगाचे कपडे घ्या, गडद निळा नको, त्याच्यावर तिकडची माशी बसते, अशी टूरवाल्यांची सूचना होती. गंजगोलाईच्या बाजारात खाकी मागितली की दोनच प्रकार निघतात, पोलिसाचा आणि एसटीच्या कंडक्टरचा. पोलिसाचा घ्यायला दुकानदारानं बक्कल नंबर विचारला, म्हणून शिवशंकररावांनी कंडक्टरचा घेतला. तो घालून ते आरशासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पत्नी उज्वलाताई म्हणाल्या, "फक्त तिकिटाचं मशीन राहिलंय."

केनियात प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, हे कळल्यावर उज्वलाताईंनी जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या आणि त्यांत शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, धपाटे भरले. छोट्या विमानाला कडक सुटकेस चालत नाही, म्हणून मऊ बॅगा आणल्या. मलेरियाच्या गोळ्या आणल्या. दुर्बीण जावयाकडून मागून आणली. ती लावून शिवशंकररावांनी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना वाळवण घालताना पाहिलं आणि लगेच खाली ठेवली.

वैजनाथ दवाखान्यातून सकाळ-संध्याकाळ फोन करायचा.

"दादा, अप्पा तुझं नाव घिऊन राहिलेत. येऊन जा की एकदा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हनतेत, बघा. आता काय बघायचं त्ये सांगत न्हाईत. तू ये."

लातूरहून सकाळी निघालं तर नांदेडला भेटून संध्याकाळी घरी येता येतं. शिवशंकररावांनी बूट घातलेसुद्धा होते. पण उज्वलाताईंनी दाराशी अडवलं. "आणि तुम्ही तिथं असतानाच काही झालं तर?"

घर लिंगायताचं. पण तीस वर्षं सोसायटीत राहून बिराजदार सगळ्यांचं सगळं पाळायला शिकले होते. कुणाचा उपास असो, कुणाचं सोवळं असो, आपलं काही चुकायला नको. सोसायटीतली तीन जोडपी या सफारीला निघालेली, सगळ्यांना मिळून एक जीप. सुतकातलं माणूस जीपमध्ये कोण घेणार? शेवटी ते तिसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींकडे गेले. प्रश्न असा घातला की जणू दुसऱ्याच कुणासाठी विचारतायत.

"सुतक कानातून लागतं," गुरुजी म्हणाले. "माणूस परगावी असला आणि कळलंच नाही, तर कळेपर्यंत नाही."

उज्वलाताईंना हे फार पटलं. शिवशंकररावांनी बूट काढले. संध्याकाळी वैजनाथचा फोन आला.

"हे बघ, वैजू, तू आता फोन करू नकोस. मी आल्यावर बोलू."

"म्हंजे?"

"म्हणजे... काहीही झालं तरी."

सुतकाचं कारण सांगायची लाज वाटली. अर्थशास्त्राच्या माणसाला ते शोभलं नसतं.

"म्हंजे अप्पा मेले तरी कळवू नको, असंच ना?" वैजनाथ म्हणाला.

"असं अभद्र बोलू नये."

"हाव. बोलू नये. नुसतं करावं." त्यानं फोन ठेवला. खरं तर ठेवण्याआधी थोडा थांबला होता. पलीकडून अप्पांच्या बायकोचा, मल्लम्माकाकूंचा आवाज येत होता, "शिवा हाय का? कधी येतो म्हनतो?" त्यावर वैजनाथ काय बोलला, ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर वैजनाथनं भावाचा शब्द पाळला. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून उज्वलाताईंनी स्वतःला आणि नवऱ्यालाही बाहेर काढलं.

सोमवारी कुणाचाच फोन आला नाही. मंगळवारी रेणापूरचे मेहुणे निरोप द्यायला आले. पायरीवरच चप्पल काढली, आत येऊन न बोलता बसले. चहा पुढे केला, तो नको म्हणाले. मग एकदम काही आठवल्यासारखं म्हणाले, "हां. सिंहापासून जपून राहा." जाताना "येतो" म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. "ताई, तुमचं कसंय?" आणि ती रडायलाच लागली. "सर्दी झालीय," ती म्हणाली.

"काळजी घे गं," उज्वलाताई म्हणाल्या आणि फोन ठेवून पुन्हा बॅगेचं वजन करायला लागल्या.

शिवशंकरराव पलंगावर बसून मोज्यांचे गोळे करत होते. त्यांनी काहीही ऐकलेलं नव्हतं. कुणीही त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. केलेला गोळा ते पुन्हा उलगडायचे आणि पुन्हा करायचे.

"चटणीनं वजन वाढतंय," उज्वलाताई म्हणाल्या. "एक पिशवी काढू का?"

"कळलं असतं तर..." शिवशंकरराव म्हणाले.

"काय कळलं असतं? काय कळलंय तुम्हाला?" त्या घाबरून म्हणाल्या.

"काही नाही. शेंगदाण्याची काढ."

बुधवारी सोसायटीच्या गेटवर गुरुजींनी नारळ फोडला. खाकीतल्या शिवशंकररावांना वॉचमननं नमस्कार केला आणि मुंबईची गाडी चुकली नाही.

सफारी झाली. गेंडा दिसला, जिराफ दिसले, चटणी जीपभर वाटून संपली. सिंह चौथ्या दिवशी दिसला. बाभळीसारख्या एका झाडाखाली पोट वर करून झोपला होता. ड्रायव्हरनं बराच वेळ गाडी थांबवली. सिंहानं एकदा शेपटी हलवली. शिवशंकररावांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, माणूस हौशी आहे.

परतल्यावर ते लातूरला उतरले आणि कपडे न बदलता जळकोटची एसटी पकडली. घरापुढं मल्लम्माकाकू बाजेवर बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही.

"वैजू, कंडक्टर आलाय बघ कुनी," त्या म्हणाल्या.

वैजनाथनं भावाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. बस म्हणाला नाही. पुढं होऊन शेतात घेऊन गेला. विहिरीच्या अंगाला ताज्या मातीचा उंचवटा होता. अप्पांना तिथं बसवलं होतं, आपल्या रीतीप्रमाणं, मांडी घालून. मातीवर बेलाची पानं वाळून वळली होती.

"अप्पा, सिंह झोपलेलाच होता," शिवशंकरराव म्हणाले.

घरी आल्यावर मल्लम्माकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. शिवशंकरराव दोन पावलं मागं सरकले. "काकू, शिवू नका. मला आज कळलंय. आजपासून सुतक धरायचंय."

"कसलं सुतक?" काकू म्हणाल्या.

"अप्पांचं."

काकूंनी त्यांच्या दिशेनं मान वळवली. "म्हनून आला न्हाईस व्हय रे? शेवटपत्तुर दाराकडं बघून राहिले त्ये." काकूंनी चाचपडत तांब्या त्यांच्या हातात दिला. "शिकून काय शिकलास बाबा? आपल्यात सुतक नसतंय."

अप्पांना माती मंगळवारी सकाळी दिली होती. मुंबईची गाडी बुधवारी रात्रीची होती.