पिवळ्या ग्लासाची साथ

"फुंका!" डॉक्टर चॅन्सी गरजले आणि चर्चच्या तळघरात जमलेलं आमचं अख्खं हॅल्डन गाव माना उंचावून बघू लागलं. वर्नाकाकूंनी नळीतून ग्लासात फुंकर घातली. निळं पाणी हिरवट झालं, मग पिवळंधमक.

"अगं बाई! पक्ष्यांचा फ्लू!" बायकांनी भराभर खुर्च्या मागे सरकवल्या.

हे डॉक्टर नेमके कशाचे, ते विचारायची सोय नव्हती. आमच्या मिनेसोटात पाहुण्याला तोंडावर खोटं पाडणं म्हणजे महापाप. त्यात पलीकडच्या गावात पाळलेल्या टर्क्या पटापट मेलेल्या, त्यामुळे सगळ्यांची आधीच पाचावर धारण बसली होती.

"साथ दारात उभी आहे! पण घाबरू नका, माझे थेंब आहेत!" घाबरवायचं काम यांचंच आणि धीर द्यायचं कंत्राटही यांचंच. थेंबांच्या पाण्याने गुळण्या करायच्या, मग नव्या ग्लासात 'साक्षीचे' दोन थेंब टाकून फुंकायचं. पाणी निळंच राही. टाळ्या!

गुळण्याही सगळ्यांनी एकाच पेल्यातून केल्या. हीच मंडळी टर्कीच्या शेडमध्ये शिरताना बूट बदलतात, औषधाच्या पाण्यात पाय बुडवतात. टर्की आजारी पडता कामा नये. माणसांचं काय, चालतं उष्टं!

वर्नाकाकूंनी मात्र साफ नकार दिला. "मी धडधाकट आहे. मला माझ्या नातवाला घेऊ द्या."

त्यांचा मुलगा लायल तान्ह्या बाळाला छातीशी धरून मागे सरला. "आई, हात लावू नकोस. तुझा ग्लास पिवळा आहे," असं म्हणून तो खोकला. काकूंचे डोळे भरून आले. माझं तर डोकंच फिरलं.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ओडेगार्डबाई उठल्या. आधी पाहुण्यांची माफी मागितली (आमच्याकडे कुणाची हजामत करायची तरी माफी मागूनच), मग निळ्या पाण्याच्या एका नव्या ग्लासात सोडावॉटर ओतलं. पाणी पिवळं!

"अरेरे, बाटलीलाही फ्लू! कुणीतरी ताप बघा हो हिचा!" बाई म्हणाल्या. "सोडावॉटरमधला वायू आपल्या श्वासातही असतो. तो मिसळला की हा रंग पिवळा होतो. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी करून दाखवते. जिवंत माणूस फुंकेल तर पाणी पिवळंच होणार."

"मग थेंबांनी निळं कसं राहतं?" चॅन्सी उसळले.

बाईंनी दुसऱ्या ग्लासात ते थेंब टाकले. "काकू, फुंका." काकूंनी गुळणी केलीच नव्हती, तरी पाणी निळंच राहिलं.

"कपडे धुण्याचा सोडा टाकला तरी अस्संच होतं, रंग बदलत नाही. करामत ग्लासातल्या थेंबांची, गुळणीची नाही!"

"इथल्या लहरी बिघडल्यात," असं पुटपुटत चॅन्सींनी पेटी आवरायला घेतली.

"म्हणजे फ्लूची भीती खोटीच?" लायलने विचारलं.

"खोटी कशी? टर्क्या खऱ्याच मेल्या. तो रोग माणसांत पसरेल का, कधी, हे आज कुणीच सांगू शकत नाही. म्हणून तर आजारी पक्ष्यांजवळ जाताना मास्क आणि हातमोजे घालायचे, फ्लूची लस घ्यायची, ताप-खोकला असला की घरी बसायचं. भ्यायला हरकत नाही, पण डोकं जागेवर ठेवून भ्या. तू कधीपासून खोकतोयस?"

"परवापासून. कणकणही आहे. पण... माझा ग्लास निळा होता ना."

काकू मोरीवर गेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पुढे केले. लायलने मुकाट्याने बाळ त्यांच्या हातात दिलं.

"आता तू लांब हो," काकू म्हणाल्या. "आणि चल, तुलाही आणि बाळालाही डॉक्टरला दाखवू. खऱ्या."