घावनांचं आमंत्रण

२००५ साली महाडच्या काकरतळ्यात सुमेधा बाईंच्या घरी केबलचं इंटरनेट आलं. बाई हायस्कूलला गणित शिकवायच्या. तिसऱ्याच दिवशी कुठेतरी क्लिक केलं आणि भलत्याच घरच्या संगणकातले बारशाचे फोटो समोर आले. बाई चरकल्या. म्हणजे त्यांच्या संगणकातले सहामाहीचे पेपरही गावभर दिसत असणार!

केबलवाला विनीत त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यांनी त्याला फोन करून झापलं. आठ दिवसांनी तो म्हणाला, "बंद केलं, बाई. आता कुणाचं कुणाला दिसणार नाही."

"ताळा करून पाहिलास?"

तो घाईघाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघाला.

बारशाचे फोटो आता दिसेनात हे खरं. पण तो संगणकच बंद असला तर? बाईंनी पेपर सीडीवर काढून घेतले, संगणकावरून पुसले आणि तिथे एकच चिठ्ठी ठेवली : 'हे तुम्हाला वाचता येतंय, म्हणजे आपल्या इंटरनेटचं दार उघडं आहे. रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे घावन खायला या.' खाली नाव, पत्ता. विनीतलाही बोलावलं, पण चिठ्ठीचं सांगितलं नाही.

"कुणीच आलं नाही तर?" त्यांचे यजमान शरदराव म्हणाले.

"तर पोरानं काम चोख केलं. घावन आपण तिघं संपवू."

रविवारी विनीतने पहिला घास घेतला आणि बेल वाजली. दारात पांढरी टोपी घातलेले भागोजी आणि त्यांची लेक रेश्मा.

"हिनं कंपूटरवर वाचलान," भागोजी म्हणाले. "मी म्हटलं, बोलावनं हाय तर जायला हवं."

मागोमाग पलीकडच्या गल्लीतल्या जानकीबाई आल्या, सुनेला घेऊन. मग औषधांच्या दुकानाचे मालक आले. दहा वाजेपर्यंत चिठ्ठीमुळे पाच माणसं जमली. विनीतचा घास हातातच राहिला.

"चुकलं, बाई," तो उठत म्हणाला. "आत्ता जाऊन बंद करतो."

"बस रे," भागोजी म्हणाले. "एवढी काय घाई नाय. मला अजून एक घावन होऊ दे!"

सगळे खो खो हसले. विनीतही हसला, पण थांबला नाही. त्याने गल्लीगल्लीतले खांब पालथे घातले. एका खांबावरचा, घरोघरच्या तारा जोडणारा जुना डबा बदलायचा राहून गेला होता. बाराच्या सुमारास तो घामाघूम होऊन परतला.

"बाई, आता ताळा करा."

रेश्मा धावत घरी गेली. जानकीबाईंची सूनही गेली. इकडे सगळे फोनभोवती जमले. घंटी वाजताच बाईंनी रिसीव्हर उचलला.

"चिठ्ठी नाही, बाई! तुमचं नावसुद्धा दिसत नाही!" रेश्मा ओरडली. पाठोपाठ सुनेचाही तसाच फोन आला.

बाईंनी विनीतच्या पाठीवर थाप मारली. दहावीच्या निकालालाही तो इतका लाजला नव्हता.

"आता याला गरम वाढा," शरदराव म्हणाले. पण भिजवलेलं पीठ केव्हाच संपलं होतं. जानकीबाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरत विचारलं, "तांदळाच्या पिठाचा डबा कुठला गो?"