अकरा ठिकाणी एकच नाव

मोताळ्यात धम्मशीला हिवराळे नेमकं काय करते, हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दिवसभर ती वरच्या खोलीत दार लोटून बसलेली असे. शेजारणींना वाटे, पोरगी अजून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. धम्मशीला चौतिशीची होती आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करून तिला चार वर्षं होऊन गेली होती. आईमागोमाग वडीलही गेले, भाऊ सुरतेला स्थायिक झाला. खालच्या खोल्या ती आठवड्यातून एकदा झाडायला तेवढी उघडायची.

कंपनीचं एक ॲप होतं. डायलिसिसच्या पेशंटला कुठल्या केंद्रावर, किती वाजता पाळी आहे ते त्यात दिसे. ते ॲप लहान लहान कंटेनरांत, म्हणजे सगळं सामान आत भरून बंद केलेल्या डब्यांत, दूरच्या कुठल्यातरी भाड्याच्या मशीनवर चाले. नवे डबे तिथं चढवणं आणि चालते ठेवणं हे धम्मशीलाचं काम.

रोज सकाळी दहाला ऑनलाइन मीटिंग होई, कॅमेरा कुणीच लावत नसे. ती माइक बंद ठेवून ऐके, विचारलं तरच बोले. पहिल्याच महिन्यात तिच्या तोंडून "हो"ऐवजी "हाव" निघालं होतं आणि कुणीतरी हसलं होतं. मीटिंग संपताच संघपाल गवई नावाच्या माणसाचा निरोप आला, "कुठल्या हो ताई? मी अमडापूरचा." तेव्हापासून मीटिंगनंतर दहा मिनिटं दोघं फोनवर बोलत. संघपाल पुण्यात ऑफिसात, ती मोताळ्यात. दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. मात्र दिवसभरात तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं ते एकच माणूस होतं.

दीड महिन्यापूर्वी तो म्हणाला, "ताई, तब्येत बरी नाई. घरी चाललो दोन हप्ते." तिनं नंतर दोन निरोप पाठवले. उत्तर आलं नाही. मीटिंगमध्ये कामापलीकडचं कुणी काही बोलत नसे. तिसरा तिनं लिहिला आणि पुसून टाकला. आपण कोण लागतो त्याच्या, असं मनाशी म्हणून ती गप्प बसली. राग मात्र आला होता.

त्या मंगळवारी अकरा वाजता तिनं ॲपचं नवं रूप चढवायला घेतलं. पडद्यावर ओळ आली, प्रवेश नाकारला. डबा ज्या कोठारातून आणायचा, ते कोठारच देत नव्हतं. तिनं डब्याचं नाव तपासलं, बरोबर होतं. स्वतःच्या लॅपटॉपवर तोच डबा उतरवून पाहिला, सरळ उतरला. म्हणजे कोठार ठीक, डबा ठीक. कोठार उघडायला मशीनला दिलेली किल्लीच, म्हणजे खात्याचं नाव आणि पासवर्ड, चालत नव्हती.

जुने डबे चालू होते, म्हणून तिला घाई वाटली नाही. पण पावणेबाराला एक भाड्याचं मशीन आपोआप बदललं गेलं. त्याच्यावरचे चार डबे बंद पडले आणि नव्या मशीनवर काही उभे राहीनात. तीन केंद्रांवरच्या पाळ्या दिसेनाशा झाल्या. फोन सुरू झाले. एका केंद्रावरची नर्स म्हणाली, "मॅडम, बाहेर नऊ जण बसलेत. कोणाला आधी घेऊ?"

"कागदावर लिहून घ्या. मी करतेय."

ती किल्ली सांकेतिक अक्षरांत गुंडाळून ठेवलेली होती. धम्मशीलानं ती उलगडली. आत वापरकर्त्याचं नाव होतं, संघपाल गवई.

तिला क्षणभर हसूच आलं. ॲप उभं करतानाच्या घाईत त्यानं स्वतःचीच किल्ली घालून दिली असणार, नंतर बदलू म्हणून. ती बदलायची राहून गेली. मुदत संपली असेल. तिनं पुण्याला, खाती सांभाळणाऱ्या शिवमला फोन लावला.

"संघपाल गवईंच्या खात्याची मुदत वाढवून हवी आहे. अर्जंट आहे, केंद्रांवर पेशंट अडकलेत."

"ते खातं आज सकाळी बंद केलं, मॅडम."

"काऊन?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हाला मेल नाही आला? सर गेले. गेल्या महिन्यात, अठ्ठावीस तारखेला. कावीळ झाली होती म्हणे. एचआरचे कागद काल पूर्ण झाले, म्हणून आज..."

"मला मेल नाही आला."

"सगळ्या स्टाफला गेला होता." त्यानं काहीतरी पाहिलं असावं. "तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहात ना. त्या यादीत तुम्ही नसता."

दुसऱ्या फोनवर नर्सचं नाव चमकत होतं.

"मॅडम? मी तेच खातं थोडा वेळ चालू करून देऊ का? नियमात नाही, पण पेशंट अडकलेत."

"द्या. आणि मला एक नवं खातं बनवून द्या. माणसाचं नाही, ॲपचं. कोठारातून फक्त घेण्याची परवानगी असलेलं."

शिवमनं खातं उघडलं. दोन मिनिटांत डबे एकेक करून उभे राहिले. नर्सचा फोन आला, "दिसायला लागलं." मग धम्मशीलानं शोधायला घेतलं की संघपालची किल्ली आणखी कुठं कुठं आहे. अकरा ठिकाणी निघाली. रोजच्या बॅकअपमध्ये, चाचण्यांमध्ये, पार विसरलेल्या एका रिपोर्टमध्येसुद्धा. दर ठिकाणी तिनं त्याचं नाव काढलं, नवं घातलं, चालतंय का पाहिलं. अधूनमधून डोळे पुसत होती, कारण अक्षरं दिसत नव्हती. अकरावं झालं तेव्हा तासाभराहून जास्त वेळ गेला होता.

"झालं?" शिवमनं फोन करून विचारलं.

"झालं."

"मग सरांचं खातं बंद करू?"

हे तिलाच सांगावं लागणार होतं. "करा," ती म्हणाली.

नवं रूप तिनं त्याच दुपारी चढवलं. विनातक्रार चढलं. ग्रुपवर कुणीतरी अंगठा दाखवला. तिनं लॅपटॉप मिटला, खाली गेली आणि अंधारलेल्या स्वयंपाकघरात उगाच उभी राहिली. सांगावं असं कुणी नव्हतं. भावाला सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कोण संघपाल?

रविवारी ती बुलढाण्याला बस बदलून चिखलीला आणि तिथून काळीपिवळी जीपनं अमडापूरला गेली. गवईंचं घर एका पानठेल्यावाल्यानं दाखवलं. ओट्यावर एक म्हातारी सुपात तुरीची डाळ पाखडत होती. आतल्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली संघपालचा फोटो होता. चष्मा, पातळ मिशी. धम्मशीलानं मनात वेगळाच चेहरा धरला होता.

"कोन वं माय तू?" म्हातारीनं विचारलं. ती रुख्मिणीबाई, संघपालची आई.

"जयभीम, आई. मी संघपालभाऊच्या ऑफिसातली."

"जयभीम. पुन्याहून आली?"

"नाई, मोताळ्याहून."

"मोताळ्यात कुठी आलं त्याचं ऑफिस?"

तिनं समजावलं. रुख्मिणीबाईंनी पाणी दिलं, चहा टाकला. सून लेकराला घेऊन माहेरी बीबी गावाला गेली होती. बाई घरात एकट्याच होत्या.

"तो काय काम करे, मले कोनी सांगतच नाई," त्या म्हणाल्या. "लोक पुसत, मी म्हनो काम्पुटरचं."

"ज्यायचं रक्त मशीनीनं साफ करा लागते ना आई, त्यायले आपली पाळी कवा हाय ते मोबाइलमंदी दिसते. ते भाऊनं उभं केलं. हजारो लोक पाह्यतात."

"आता त्याच्याबिगर?"

"चालू हाय."

"मंग बरं हाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. ते ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते धम्मशीलाला कळलं नाही. चहा देऊन, सूप पुन्हा पुढ्यात ओढून त्या शेजारी टेकल्या. "तुह्याशी बोले का तो?"

"हाव. रोज. सकाळच्या मीटिंगनंतर दहा मिनिटं."

म्हातारीचा हात सुपावर थांबला. "रोज?"

"कामाचंच बोलणं," धम्मशीला घाईनं म्हणाली.

"मले रविवारी करे फोन. कामात राह्यते म्हने, टाइम नाई भेटत." त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. आवाजात राग नव्हता. "काय बोले?"

धम्मशीला आठवू लागली. चार वर्षांची दहा-दहा मिनिटं, आणि हाती येत होतं ते इतकं किरकोळ. पुण्याची भाजी गोड लागते म्हणायचा. खोलीवर ठेचा करताना घरमालकीण खोकत वर यायची. आज लाइट हाय का, हे रोज विचारायचा. तिनं ते सगळं सांगितलं, कामाचंच बोलणं म्हणाली होती ते विसरून. रुख्मिणीबाई एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होत्या. ठेच्याला त्या जराशा हसल्या.

"तुमच्याबद्दलबी बोलत," धम्मशीला शेवटी म्हणाली. हे खोटं होतं. तो घरचं फारसं कधी बोलला नव्हता.

"काय बोले?"

धम्मशीलानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. रुख्मिणीबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि आग्रह केला नाही. "जाऊ दे," म्हणाल्या. "पाच वाजता शेवटची गाडी हाय चिखलीले. मंग नाई भेटनार."

निघताना त्यांनी शेरभर डाळ कागदात बांधून दिली. धम्मशीलानं आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवला. म्हातारीला वाचता येतं की नाही हे तिनं विचारलं नाही.

गाडीत बारा माणसं कोंबली होती आणि सगळी एकमेकांच्या ओळखीची होती. सोयाबीनच्या भावावरून त्यांचं हसणं-भांडणं चाललं होतं. बाजूच्या बाईनं विचारलं, "कोनाकडं आल्ती?"

"गवईंकडं. त्यायचा मुलगा वारला."

"तुहा कोन लागे तो?"

धम्मशीलानं थोडा विचार केला. "सोबत काम करत होतो," ती म्हणाली.

बाईनं "हं" केलं आणि पुन्हा पलीकडच्यांच्या गप्पांत मिसळली.