शहाणी मुलगी

पद्मजा आठ महिन्यांची असताना वसुधाने तिला नागपूरला आजीकडे ठेवलं, तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. १९८०च्या सुमारास अमेरिकेत ॲन आर्बरला शिकणारी मराठी जोडपी तेच करत. आधी पीएचडी, मग पोर. त्यात वसुधाचा विषय बालमानसशास्त्र. दुसऱ्यांच्या मुलांचा अभ्यास करायला वेळ हवाच.

चार वर्षांची झाल्यावर पद्मजा आली आणि पाहुणीसारखी राहू लागली. पाणीसुद्धा विचारून प्यायची.

"किती वेल-बिहेव्ड आहे गं!" शेजारची शोभा म्हणायची. "आमचा अतुल घर डोक्यावर घेतो."

हिने आपल्यापाशी एकदा तरी रडावं, एवढंच वसुधाला हवं होतं.

एकदा पद्मजाचं कपाळ टेबलावर आपटलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि आईकडे पाहिलं.

"आजी टेबलाला हात रे करते," ती म्हणाली.

"टेबलाची काय चूक, राजा? आपण बघून चालायचं."

"बरं," पद्मजा म्हणाली आणि कपाळ चोळत निघून गेली. पुस्तकाप्रमाणे वसुधाचं उत्तर बरोबर होतं.

फेब्रुवारीत बाजारातून परतल्यावर वसुधाने घाईने गाडीचं दार लोटलं. त्यात पद्मजाची बोटं सापडली. जाड हातमोज्यामुळे निभावलं, पण बोटं लालभडक झाली. पोरीने याही वेळी ओठ मिटले. वसुधाला ते बघवेना. सामान बर्फात टाकून ती गुडघ्यांवर बसली.

"दार मी लावलं. मला हात रे कर."

पद्मजा बघत राहिली.

"कर. मार मला."

पहिली चापट हळूच बसली. दुसरी जोरात. मग ती दोन्ही हातांनी मारत सुटली. "मला नागपूरला ठेवलंस! तू ठेवलंस! मी किती रडले!"

दुखऱ्या बोटांना लागू नये म्हणून वसुधाने तेवढा एक हात धरून ठेवला आणि मार खाल्ला. दमल्यावर पोरीने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

वरच्या खिडकीतून वसुधाचा नवरा नरेंद्र ओरडला, "काय झालं? का रडतेय ती?"

"माझ्यामुळे," वसुधा म्हणाली. हे सांगताना तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली.